खपली ओळखायची म्हणजे

छत्रीवाल्या अळंबीला निदान चेहरा तरी असतो. पावसाळ्यात पडलेल्या फांदीच्या पोटाला चिकटलेल्या खपली-बुरशीला ना टोपी, ना देठ. आपण बुरशी खरवडतोय की कुणी सांडलेला डिस्टेंपर, हे मलाही पहिली पाच मिनिटे ठरवता येत नाही.

डोळ्यांचे काम आधी उरकावे. १०पट भिंगातून पृष्ठभाग गुळगुळीत, दातेरी की भोकाभोकांचा? कडा लाकडाला घट्ट की सुटून वर वळलेली? नखाने ओरखडा काढावा. स्टीरियम या खपली-बुरशीच्या काही जाती लगेच लाल पाझरतात. वाळलेल्या मात्र ढिम्म राहतात, त्यांना आधी पाणी पाजावे लागते. मग ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. तपकिरी खपली क्षणात काळीठिक्कर पडली, तर हायमेनोकीटी या तपकिरी खपल्यांच्या कुळाचा संशय घ्यावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, टोकदार काटे शोधावेत.

इथवर मजा. साडेसाती सुरू होते ती काप घेताना. नवे पाते पृष्ठभागाला काटकोनात धरायचे आणि दिसेल-न-दिसेल असा काप काढायचा. माझे दहातले आठ काप चकोल्यांएवढे जाड निघतात; त्यांत तंतू नव्हे, नुसता अंधार दिसतो. कापावर आधी अल्कोहोल टाकावे, कारण सुक्या ऊतीत हवा अडकते आणि तिचे बुडबुडे बीजाणूंचे सोंग घेतात. (जाड काळी कडा आणि संशयास्पद गोलाई दिसली, तर तो बुडबुडाच.) मग हायड्रॉक्साइड, त्यात १ टक्का फ्लॉक्सिन (तंतू रंगवणारा गुलाबी रंग), वर पातळ झाकणकाच आणि पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच टकटक. जोर लावला की काच तडकते.

आता तंतूंच्या आडभिंतींवर क्लॅम्प, म्हणजे दोन पेशींना जोडणारा छोटा कोपरासारखा फुगवटा, आहे का ते बघावे; स्टीरियममध्ये तो सहसा नसतो. मेल्झरच्या (आयोडीनच्या) द्रावणात स्टीरियमचे बीजाणू निळसर होतात. पण त्यासाठी वेगळा काप घ्यावा. हायड्रॉक्साइड धुतले नसेल, तर मेल्झर पडताच सगळे दुधाळ होते आणि संध्याकाळ वाया जाते.

मोजमाप १०००पटीवर, निदान २० बीजाणूंचे, टोकाचा नखुला (बीजाणू जिथे चिकटलेला असतो ते टोक) वगळून. शेजारच्या बुरशीचेही बीजाणू इथे पाहुणे म्हणून येऊन बसलेले असतात, म्हणून बेसिडियमला (बीजाणू धरणाऱ्या पेशीला) चिकटलेल्यांवरच विश्वास ठेवावा.

आणि बीजाणूच नसतील तर? ताजा तुकडा रात्रभर काचेवर पालथा ठेवावा. सकाळी काच कोरीच दिसली, तर पाकिटावर लिहायचे: ‘पांढरी खपली, आंब्याची फांदी, वांझ.’ माझ्याकडे अशा पाकिटांचा एक अख्खा डबा आहे.