डावा हवा, उजवा नको

माझ्याकडे 1969 सालची ट्रायम्फ बॉनव्हिल मोटारसायकल आहे. खरं तर मीच तिच्याकडे आहे, कागदपत्रं तेवढी माझ्या नावावर. 650 सीसी, दोन सिलिंडर आणि दोघांना पेट्रोल-हवा मिसळून देणारे दोन कार्बोरेटर. त्यातला डावा म्हातारा झाला आणि माझी पायपीट सुरू झाली.

गाडी उभी राहिली की आपोआप रेस चढवायची आणि मग खाकरून बंद पडायची. मेकॅनिकने आतली स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमीजास्त करणारी झडप, बोटाने हलवून पाहिली. ती हलणाऱ्या दातासारखी खुळखुळली. "संपला," तो म्हणाला. आवाज असा की मी नकळत चपला काढल्या.

हा अमल कंपनीचा कॉन्सेंट्रिक, म्हणजे एककेंद्री, कार्बोरेटर. पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी घशाच्या, म्हणजे हवेच्या वाटेच्या, बरोबर खाली, म्हणून हे नाव. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, आत खालीवर होणारी स्लाइडही त्याचीच. दोघं पन्नासेक वर्षं एकमेकांना घासत राहिले की मध्ये फट पडते आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. या वयात माझेही गुडघे वाजतात.

आता नवे कॉन्सेंट्रिक मिळतात, हे मला ठाऊक आहे. बायकोलाही ठाऊक आहे, दुर्दैवाने. पण मला त्या काळातला, तोच आकडा खोदलेला हवा होता. बॉडीवर 'एल 930' असं असतं. एल म्हणजे डावा, 9 म्हणजे 900 ची मालिका, 30 म्हणजे घशाचा व्यास मिलीमीटरमध्ये. पुढे तिरकी रेघ आणि आणखी एक आकडा. तो चुकला तर जाणकार मंडळी गाडीपाशी वाकून बघतात आणि काही न बोलता सरळ होतात. ते न बोलणं फार लागतं.

आणि जगात फक्त उजवेच विकायला असतात! डावे कुठे जातात देव जाणे. पहिल्याने उजवा पाठवला. दुसऱ्याने 'डावाच आहे, शप्पथ' म्हणून उजवा पाठवला. तिसऱ्याने पाठवला 626, म्हणजे 26 मिलीमीटरचा, आमच्या घराण्यातलं बाळ. घरात दोन जादा उजवे झाले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, लावा की त्यातलाच एक. कार्बोरेटर तो कार्बोरेटर." तसं लावता येतं. पण मग त्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूला न येता दोन कार्बोरेटरांच्या मधल्या बोळात येतात आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा संथ वेग, जुळवायला उंदराच्या हाताचा माणूस शोधावा लागतो. एका मित्राने सुचवलं, दोन्ही काढ आणि एकच जपानी मिकुनी टाक, गाडी शहाण्यासारखी चालेल. त्याच्याशी मी अजून बोलतो, पण गाडीचा विषय टाळून.

मग एल 930 मिळाले. तीन! तिन्हींची इंजिनाकडची पट्टी केळ्यासारखी वाकलेली. या पट्टीचे नट जोरात आवळले की ती वाकते, बॉडीचं भोक लंबगोल होतं आणि स्लाइड वरच अडकून बसते. म्हणजे मूठ सोडली तरी गाडी सुटलेलीच. जाहिरातींत मात्र 'किंचित वापरलेला', 'चालू गाडीवरून काढलेला'. 'कुठल्या गाढवांच्या हातात पाने देतात,' असं मी तीनदा म्हणालो. शेजाऱ्यांनी दोनदा ऐकलं.

अखेर चौथा आला. सरळ पट्टी, बरोबर आकडा, घट्ट स्लाइड. मी तो टूथब्रशने घासला, जेट फुंकले, देव बसवावा तसा बसवला. टिकलर, म्हणजे वाटी पेट्रोलने भरून वाहवणारा खटका, दाबला, बोटांवर पेट्रोल ओघळलं. या गाड्यांचा तीर्थप्रसाद तोच. पहिल्याच किकला इंजिन लागलं. काय तो आवाज! दोन्ही सिलिंडर एका सुरात. मला भरून आलं. त्या भरात वाटलं, नट जरा सैल आहेत का? दोन वर्षांच्या शोधाने मिळालेली वस्तू, सुटून पडायला नको. अर्धा फेरा दिला. मग अजून अर्धा, मनाच्या समाधानासाठी.

मूठ पिळली. इंजिन गरजलं. मूठ सोडली. इंजिन गरजतच राहिलं.

बायको धावत बाहेर आली, पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. तिला हे कोणी शिकवलं?

रात्री जाहिरात लिहायला बसलो. 'एल 930. दुर्मीळ. चालू गाडीवरून काढलेला. पट्टी किंचित आवळलेली.'