काटा पुढे का पळतो?

"सरळ फसवणूक आहे ही," मंदार तावातावाने म्हणाला. "गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा 100 वर आणि मोबाईलचं जीपीएस 94 सांगतंय. गाडी जोरात पळते असं भासवायचं, दुसरं काय?"

"भासवायचं काय त्यात? नियमच तसा आहे," शिरीष म्हणाला. संयुक्त राष्ट्रांचा 39 क्रमांकाचा वाहन नियम बऱ्याच देशांत चालतो. त्यानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, पण खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर, एवढंच. म्हणजे खरा वेग 100 असेल तर काटा 114 पर्यंत जाऊ शकतो.

"पण अचूकच दाखवा ना! सेन्सर एवढे भारी झालेत."

मंदार अडतो तो इथेच. सेन्सर वेग मोजतच नाही, तो चाकाचं फिरणं मोजतो. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, दातेरी किंवा चुंबकी कडं फिरतं आणि सेन्सर त्याचे पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पाठवतो. ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसला लागतात तेच हे सेन्सर. काही गाड्यांत ही मोजणी गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर, म्हणजे चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्यावर, होते. पल्सवरून वेग काढायला टायरचा परीघ लागतो, आणि कंप्यूटरमध्ये तो एकच ठरलेला आकडा असतो. टायर मात्र झिजतो. 632 मिलिमीटर व्यासाच्या टायरच्या नक्षीची खोली 8 वरून 1.6 मिलिमीटरवर आली की परीघ सुमारे 2 टक्के घटतो. हे गाडीला कळणार कसं? कोणत्याही टायरवर काटा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या आधीच तो थोडा पुढे ठेवतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

"मग किलोमीटरही फुगवून मोजत असतील!"

तसं नाही. पल्स तेच असले तरी ही वाढ साधारणपणे फक्त काट्याला देतात, किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरला नाही. आणि जीपीएस सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगात उत्तम. जोरात ब्रेक मारला की त्याचा आकडा जरा मागे राहतो, बोगद्यात तर सिग्नलच जातो.

इतका वेळ गप्प असलेली नीलिमा म्हणाली, "माझ्या भावाने मोठे टायर टाकलेत."

हे ऐकून मात्र मी गंभीर झालो. समजा, काटा मुळात 3 टक्के जास्त दाखवत होता आणि टायरचा व्यास 5 टक्के वाढला. आता काटा 100 दाखवेल तेव्हा गाडी जवळपास 102 ने धावत असेल. ज्या चुकीला मंदार शिव्या देत होता ती संपली, आणि तिच्या जागी धोकादायक बाजूची चूक आली.

"कंप्यूटरमधला परीघ बदलता येतो का?" तिने विचारलं.

"बऱ्याच गाड्यांत येतो," शिरीष म्हणाला. "आजच फोन कर त्याला."