‘काळी अन्ननलिका’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमचं म्हणणं असं, की ‘काळी अन्ननलिका’ या लाखात एखाद्याला होणाऱ्या आजारावर लिहून मी सोलापूरकरांना उगाच घाबरवतेय. काकूंना काळी शी होते ती लोहाच्या गोळ्यांनी, आणि लिहायचंच तर शेंगाचटणी-कडक भाकरीवर लिहावं.

आजार दुर्मीळ आहे, मान्य. तोंडातून आत सोडलेल्या दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) पाहून त्याचं वर्णन झालं तेच १९९० साली. पण चटणी-भाकरीने अन्ननलिका अशी काळी पडत नाही. रक्तदाब कोसळतो, अन्ननलिकेच्या खालच्या भागाला आधीच बेताचं असलेलं रक्त पोचत नाही, त्यात जठरातलं आम्ल वर येतं आणि आतलं अस्तर मरून काळं पडतं. जठर सुरू होतं तिथे हा काळेपणा एकदम थांबतो. बहुतेक रुग्ण साठीपुढचे पुरुष. मधुमेह, किडनीचा आजार, दारू किंवा कुपोषण यांपैकी काहीतरी बहुधा आधीपासून असतं. नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले, पण बहुतेक जण मूळ आजाराने. अन्ननलिकेमुळे दगावले ते शंभर रुग्णांतले सहाच.

मी हे मे महिन्यात लिहिलं ते मुद्दाम. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो, मधुमेह असलेल्या म्हाताऱ्या माणसाला उलट्या-जुलाब लागतात आणि घरचे म्हणतात, ‘पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला?’ इन्सुलिन बंद, शरीरातलं पाणी संपलेलं, साखर भडकलेली, म्हणजे रक्तदाब कोसळायची वेळ. याची मला खरोखर धास्ती वाटते. अशा वेळी इन्सुलिन मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

काकूंबद्दल तुमचं बरोबर असू शकतं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळी-हिरवट होतेच. अन्ननलिकेत किंवा जठरात रक्तस्राव झाला तर होणारी काळी शी मात्र डांबरासारखी चिकट, चकचकीत असते आणि वास फार उग्र येतो. तशी झाली, किंवा चक्कर, घाम, काळपट उलटी असं काही झालं, तर गोळ्यांवर ढकलू नका.

आणि हो, अशा उलटीमागे बहुधा अल्सर (अनेकदा दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी झालेला) किंवा लिव्हरच्या आजारात अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा निघतात. ते घरी ओळखायची गरजच नाही. सुरुवात सगळ्यांची एकच: सलाईन, लागलं तर रक्त, आम्ल कमी करणारं इंजेक्शन, मग दुर्बीण. रात्री-अपरात्री असं झालं तर १०८ ला फोन करा, वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका आणि काकूंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.