उतावळ्या गळ्यातली पिन

स्कायडायव्हिंगची पहिली उडी मारून जमिनीला पाय लागले की माणसाच्या अंगात जे काही संचारते ते फार काळ टिकत नाही, म्हणून पहिला सल्ला असा की पॅराशूटच्या पिनेचा गळ्यात घालायचा दागिना त्याच दिवशी घ्यावा. हार्नेस उतरला, कानातला वाऱ्याचा घोंघाट ओसरला आणि ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले, की माणूस हळूहळू पूर्ववत होऊ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तर आपल्या मनात असाही विचार डोकावू शकतो की, आपण काल केले ते एवढेच, की एका अनुभवी प्रशिक्षकाच्या अंगाला खांद्यांपाशी दोन आणि कमरेपाशी दोन अशा चार ठिकाणी स्वतःला अडकवून घेतले, सांगितल्याप्रमाणे पाठीची कमान केली आणि मिनिटभर तोंड उघडे ठेवले. असल्या विचारांनी मन पोखरण्यापूर्वी गळ्यात पिन पडलेली बरी.

पिन म्हणजे साधीसुधी पिन नव्हे, याची जाण आपल्याला असायला हवी. निदान कुणी विचारले तर सांगता यावे इतपत. बोटाच्या पेरा-दोन पेरांएवढी, किंचित वाकवलेली, एका टोकाला नेढे असलेली ही पोलादी काडी म्हणजे ‘क्लोजिंग पिन’. पाठीवरच्या पिशवीत, जिला हे लोक कंटेनर म्हणतात, मुख्य पॅराशूट घडी करून कोंबलेले असते. पिशवीच्या झडपा एकावर एक मिटवून त्यांच्या भोकांतून दोऱ्याचा एक छोटा फास वर ओढून घेतात आणि त्या फासात ही पिन सरकवतात. सगळा बंदोबस्त तेवढ्यावर असतो. उडी घेणारा ठरलेल्या उंचीवर आला की पिशवीच्या तळाशी खोचलेली लहानशी छत्री, म्हणजे पायलट शूट, हाताने बाहेर फेकतो. ती वाऱ्याने भरते, तिला जोडलेली ब्रायडल नावाची पट्टी ताणली जाते, त्या पट्टीवर शिवलेली पिन फासातून सुटते, झडपा उघडतात, दोऱ्या मोकळ्या होतात आणि ताशी 190 किलोमीटरच्या आसपास खाली येणारा माणूस काही सेकंदांत छत्रीखाली झोके घेऊ लागतो. थोडक्यात, वेळ झाली की विनातक्रार निघून जाणे हेच या पिनेचे आयुष्यातले एकमेव काम आहे. आपण मात्र ती आंघोळ करतानाही काढू नये.

इथे एखादा खवचट विचारील की, तुमच्या त्या उडीत पिन कुणी सोडवली? प्रश्न वाईट हेतूने विचारलेला असला तरी उत्तर तयार ठेवावे. टँडेम, म्हणजे प्रशिक्षकाला अडकून मारलेल्या, उडीत विमानातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात प्रशिक्षक ‘ड्रोग’ नावाची छोटी छत्री सोडतो, कारण दोन माणसांच्या एकत्रित वजनाला आवरले नाही तर वेग भलताच वाढतो. मग योग्य उंची आली की तो एक हँडल ओढून तो ड्रोग मोकळा करतो आणि मुख्य पॅराशूट बाहेर येते. काही प्रशिक्षक हे हँडल पाहुण्याला ओढू देतात. आपल्याला ओढू दिले असेल, तर पुढची काही वर्षे बोलण्याचा विषय मिळाला असे समजावे. दिले नसेल, तर ‘आम्ही पॅराशूट उघडले’ असे अनेकवचनात म्हणावे. व्याकरणाने असे उपकार फार कमी वेळा केले आहेत.

दागिना घालण्यासाठी किती उड्या लागतात, याबद्दल घाबरून जाऊ नये. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनचा ‘ए’ परवाना 25 उड्यांशिवाय मिळत नाही, ‘बी’साठी 50, ‘सी’साठी 200 आणि ‘डी’साठी 500 उड्या लागतात. अंगावर छोटा कॅमेरा लावायचा असेल तरी आधी 200 उड्या कराव्यात, अशी त्या संस्थेची शिफारस आहे, कारण नवख्याचे लक्ष उंचीमापकावरून उडून कॅमेऱ्याकडे जाते आणि कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात दोरी अडकू शकते. पण गळ्यात काय घालावे, यासाठी परवाना नाही, परीक्षा नाही आणि उड्यांची अटही नाही. सोनाराने एखाद्या गिऱ्हाईकाकडे उड्यांची नोंदवही मागितल्याचे कुणी ऐकलेले नाही. एवढ्या नियमांच्या जंगलात ही एक पायवाट आपल्यासाठीच मोकळी ठेवली असावी.

जुन्या मंडळींना विचारायला मात्र जाऊ नये. त्यांच्यात या विषयावर जेवढी तोंडे तेवढी मते आहेत आणि प्रत्येक मत परंपरेच्या नावाने सांगितले जाते. कुणी म्हणतो की परवाना हातात आल्याशिवाय पिन घालू नये; कुणी म्हणतो की मुख्य पॅराशूट बिघडून ते तोडावे लागले आणि राखीव पॅराशूटवर उतरला, तोच खरा हक्कदार; कुणी म्हणतो की पिन स्वतः विकत घ्यायचीच नसते, ती दुसऱ्याने द्यायची असते. तिघांच्याही बोलण्यात एक सूक्ष्म योगायोग आढळतो, तो असा की ज्याने जी अट सांगितली ती त्याने स्वतः नुकतीच पूर्ण केलेली असते. हजारो उड्या केलेल्या एखाद्या बाईंना हा प्रश्न विचारला, तर बहुधा त्या पॅराशूटची घडी घालता घालता ‘काय म्हणालात?’ एवढेच विचारतील, आणि त्यांच्या गळ्यात काहीच नसेल. अशा निरुत्साही लोकांमुळेच या क्षेत्राची शोभा वाढत नाही.

इतिहासाचा आधार हवा असेल तर तो भरपूर आहे. फक्त तो अर्ध्यावर सोडून देण्याचे कसब हवे. लेस्ली अर्विन या अमेरिकन माणसाने 28 एप्रिल 1919 रोजी ओहायोतल्या मॅककुक फील्डवर विमानातून उडी मारली, हवेत स्वतःच्या हाताने दोर ओढून पॅराशूट उघडले आणि उतरताना घोटा मोडून घेतला. पुढे 20 ऑक्टोबर 1922 रोजी त्याच मैदानावरून उडालेल्या लेफ्टनंट हॅरल्ड हॅरिसचे विमान हवेतच खिळखिळे झाले. त्याने बाहेर उडी घेतली, पॅराशूट उघडले आणि तो डेटन शहरातल्या कुणाच्या तरी परसातल्या द्राक्षाच्या मांडवावर सुखरूप येऊन पडला. त्याच वर्षी अर्विनच्या कंपनीने ‘कॅटरपिलर क्लब’ काढला आणि पॅराशूटने ज्यांचा जीव वाचला त्यांना सुरवंटाच्या आकाराची सोन्याची छोटी पिन द्यायला सुरुवात केली. सुरवंट अशासाठी की तेव्हाची पॅराशूटे रेशमाची असत आणि रेशीम किडाच देतो. अटलांटिक एकट्याने ओलांडण्याच्या आधी चार्ल्स लिंडबर्ग चार वेळा अशा प्रसंगातून वाचला होता. दुसऱ्या महायुद्धात जळत्या विमानांतून उड्या घेऊन जिवंत राहिलेल्या हजारो वैमानिकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तो सुरवंट मिळवला.

या क्लबाची मेख अशी आहे की हौसेने उडी मारणाऱ्याला तिथे प्रवेश नाही. विमान धडधाकट असताना, पैसे भरून, रांगेत उभे राहून जो बाहेर पडतो त्याचा जीव पॅराशूटने वाचवला असे त्यांच्या लेखी होत नाही. मुळात तो धोक्यात घालायला कुणी सांगितले होते, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. पण गोष्ट सांगताना आपण इतके खोलात जायचे कारण नाही. हॅरिस, द्राक्षाचा मांडव, सोन्याचा सुरवंट इथपर्यंत यावे, मग क्षणभर गप्प राहून बोटांनी स्वतःच्या गळ्यातली पिन कुरवाळावी. उरलेला संबंध ऐकणाराच जोडतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे ही म्हण ज्याने रचली त्याला अर्धे हळकुंड नेमके केव्हा थांबवावे, ही कला ठाऊक नसावी.

पिनेने समाधान होत नसेल तर कानात किंवा बोटात ‘थ्री-रिंग’ घालता येते. एकात एक अडकलेल्या, उतरत्या आकाराच्या तीन कड्यांची ही रचना बिल बूथ यांनी 1970च्या दशकात बसवली. तिचे मर्म असे की मोठ्या कडीवर आलेला माणसाच्या वजनाचा ताण दर कडीगणिक कमी होत जातो आणि शेवटच्या दोऱ्याच्या फासावर इतका थोडा उरतो की एक पातळशी केबल सरकवली तरी पूर्ण छत्री खांद्यांवरून सुटून जाते. बिघडलेले, गिरक्या घालणारे पॅराशूट टाकून देऊन राखीव पॅराशूट उघडायचे, या अवघ्या काही सेकंदांच्या निर्णयाचे हे यंत्र आहे. कानात ते फार नाजूक दिसते. ‘हे काय आहे?’ असे विचारल्यावर ‘यावर जीव असतो’ एवढेच म्हणावे. कुणाचा, ते सांगू नये.

एक खबरदारी सांगतो. ‘ही माझी जादा पिन आहे, वेळ पडली तर उपयोगी पडेल’ असे स्पष्टीकरण देण्याचा मोह टाळावा. खरी पिन ब्रायडलवर शिवलेली असते, त्यामुळे साखळीत लटकणारी पिन ऐन वेळी काहीही उघडू शकत नाही, हे ओळखणारा एखादा रिगर जवळ उभा असण्याची शक्यता असते. रिगर म्हणजे पॅराशूटची दुरुस्ती करणारा आणि राखीव पॅराशूट घडी करून त्यावर आपली मोहोर लावणारा जबाबदार माणूस. तो अशा प्रसंगी हसत नाही, नुसता पाहतो, आणि ते जास्त लागते. याच माणसाच्या खिशात बहुधा एक मळकी, चुरगळलेली नाडी असते. तिला पुल-अप कॉर्ड म्हणतात. पिशवी बंद करताना फास भोकांतून वर ओढायला तिचा उपयोग होतो, पिन बसली की ती पिनेखालून हलकेच सरकवून काढायची असते, आणि ती तशीच राहून गेली तर पिशवी उघडणारच नाही अशी वेळ येऊ शकते. इतके महत्त्वाचे काम करणारी वस्तू असूनही तिच्या सोन्याच्या प्रतिकृती गळ्यांत का दिसत नाहीत, हे कोडे नाही. ती पाहून कुणी काही विचारत नाही.

या लोकांमध्ये सन्मान करण्याची पद्धत नाही असे मात्र समजू नये. अमेरिकेत ‘ए’ परवाना मिळाल्यावर त्याचा शिक्का कागदाबरोबर कपाळावरही उमटवण्याची चाल आहे. शंभरावी उडी झाली की मलईने भरलेली थाळी तोंडावर मारतात. आणि कुणीही कुठलीही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा केली की त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, असा तर जवळपास कायदाच आहे. हे तिन्ही मान साबण-पाण्याने किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत निघून जातात, ही त्यांतली उघड उणीव होय. म्हणूनच टिकाऊ धातूची गरज पडते. (पहिल्यांदा पिन घालणे हीसुद्धा ‘पहिली गोष्ट’च आहे, हे कुणाच्या लक्षात येण्यापूर्वी विषय बदलावा. खर्च साखळीपेक्षा जास्त होतो.)

बोलण्याची तयारी वेगळी करावी लागते. निरोप घेताना ‘ब्लू स्काईज’ म्हणावे. पाऊस पडत असला तरी चालते, किंबहुना तेव्हा जास्त खोल वाटते. न उडणाऱ्या माणसांना हे लोक ‘वफो’ म्हणतात. हा शब्द कालपर्यंत आपल्यालाच लागू होता हे विसरून तो आजपासून इतरांना लावावा. वाऱ्याचा उल्लेख सहज यायला हवा, ढगांकडे पाहून थोडे डोळे बारीक करावेत, आणि आपली संख्या कुणी विचारलीच तर ‘मोजणे सोडून दिले’ असे म्हणावे. एकावर मोजणे थांबवणारा माणूसही मोजणे सोडणाराच असतो.

यदाकदाचित या सगळ्या भाराखाली आपण खरोखरच शिकायला गेलात, तर एक अडचण येईल. विमानात चढण्यापूर्वी प्रशिक्षक सगळे लोंबते दागिने काढायला सांगतो. साखळी हनुवटीवर आपटते, हार्नेसच्या पट्ट्यांत गुंतते. अंगठी कशात तरी अडकली तर बोटाचे मांस सोलून निघते. ज्या एका ठिकाणी ही पिन शोभली असती तिथेच ती चालत नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये. मुकाट्याने झिपच्या खिशात टाकावी.

मग पुढची गोष्ट घडते. पाठीवरची पिन स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून उडीपूर्वी दुसऱ्याने ती पाहायची असते. झडप उचलून ती नीट बसली आहे ना, फास उसवलेला किंवा सैल नाही ना, हे तो बोटाने चाचपतो, कारण सैल फासातली पिन विमानाच्या दारातच निसटू शकते आणि मग एका माणसाचे पॅराशूट सगळ्या विमानाचा प्रश्न होऊन बसते. तेव्हा मागून कुणी खांद्यावर हात ठेवून ‘पिन बघू’ म्हणाले, तर झिप उघडून खिशात हात घालू नये. नुसती पाठ करून उभे राहावे.