स्मार्ट कॅज्युअल गेलं खड्ड्यात

चुलतबहिणीचा साखरपुडा आहे. मुळशीच्या बाजूला रिसॉर्ट घेतलंय. फॅमिली ग्रुपवर पत्रिका आली, गणपती, मोरपीस, सगळं व्यवस्थित, आणि खाली बारीक अक्षरात: ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल.

आईला विचारलं, याचा अर्थ काय? ती म्हणाली, "बरे कपडे घाल." बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे आहेत ते नकोत." एवढ्यावर माझं भागलं असतं. पण मूर्खासारखं मी ते फोनवर शोधलं. माझं वय ३६ आहे हे फोनला आधीच माहीत होतं. झालं. गेला आठवडाभर फोन उघडला की एक दाढीवाला समोर उभा. "तिशी ओलांडलीत? मग या पाच गोष्टी आजच कपाटातून फेका!"

अरे, तू कोण? चोविशीचा असशील. तुला पोट नाही, होम लोन नाही, मूल नाही. मागे पांढरी भिंत, कोपऱ्यात कुंडी, वर एसी. आणि तू मला सांगणार की कार्गो पँट फेकून द्या? माझ्या कार्गोला सहा खिसे आहेत. एकात किल्ल्या, एकात पाकीट, एकात फोन, एकात पोरीचे ओले टिश्यू, एकात तिची केसांची रबरं आणि सहाव्यात तिने अर्धं खाऊन "बाबा, धर" म्हणून दिलेलं बिस्कीट. तुझ्या त्या निमुळत्या चिनो पँटमध्ये हे बिस्कीट मी कुठे ठेवू? सांग ना.

बरं, फेकून देऊन घ्यायचं काय? तर पांढरा शर्ट आणि खाकी चिनो. "क्लासिक आहे, कधीच आउट ऑफ फॅशन जात नाही." कशी जाईल? आमच्या शाळेचा गणवेश होता तो. पांढरा शर्ट, खाकी चड्डी. दहा वर्षं घातलाय. शाळा सुटली त्या दिवशी त्या शर्टावर सगळ्या वर्गाने पेनाने सह्या केल्या आणि आईने त्याचं पायपुसणं केलं. आता तीच जोडी तीन-चार हजार मोजून परत आणू? आणि प्रार्थनेला रांगेत उभा राहू?

मग लिनन. तिशीतल्या पुरुषाला लिननशिवाय मोक्ष नाही असं दिसतंय. लिनन होतं जवसाच्या काडीपासून. आपल्याकडे जवसाची चटणी करतात, ती उत्तम. पण त्या धाग्यात लवचीकपणा म्हणून नाही. एकदा घडी पडली की पुढच्या इस्त्रीपर्यंत हलत नाही. दाढीवाला म्हणतो, सुरकुत्या हीच लिननची शान. तो गाडीतून उतरत असेल. मी सिंहगड रोडवरून स्कूटरवर येतो, पाठीला सॅक, पुढे पोरगी उभी. उतरेपर्यंत त्या शर्टाचा भेळ खाऊन चुरगळलेला कागद झालेला असतो. आमची आत्या चारचौघांत विचारणार, "का रे, घरात इस्त्री नाही का?" तिला शान समजावून सांगू?

पांढऱ्या स्निकर्सबद्दल तर बोलायलाच नको. पुण्यात. पावसाळ्यात. रस्ते खणलेले असताना. आणि मोजे दिसायचे नाहीत म्हणे, म्हणून ते बुटाच्या आत लपणारे आखूड मोजे. कुणी घालून बघितलेत का ते? शंभर पावलं चाललं की टाचेवरून घसरून तळव्याखाली गोळा होतात. माणूस भर रस्त्यात एका पायावर उभा राहून बुटात बोट घालतो. हे स्मार्ट की कॅज्युअल?

तरी गेलो. बहिणीचा साखरपुडा, उगाच तक्रार नको म्हणून शनिवारी मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेलो. ४० नंबरचा शर्ट घेतला, ट्रायल रूममध्ये शिरलो. वरची चार बटणं शहाण्यासारखी लागली. पाचवं, नेमकं बेंबीच्या वरचं, लागलं खरं, पण दोन्हीकडून कापड ताणलं जाऊन मधे डोळ्यासारखी फट पडली. त्या डोळ्यातून बनियन बाहेर बघतंय. श्वास घेतला की डोळा मिटतो, सोडला की उघडतो. बाहेर उभा असलेला पोरगा म्हणाला, "सर, स्लिम फिट असंच असतं."

म्हटलं, ४२ दे. ४२ मध्ये पोट मिटलं, पण खांद्याची शिवण दंडावर उतरली आणि बाही अंगठ्याच्या मुळाशी पोचली. दादाचा शर्ट घालून लग्नाला आलेला धाकटा भाऊ असतो ना, तसा. "सर, असंच घालतात आता. ओव्हरसाइज." म्हणजे घट्ट झाला तर स्लिम, ढगळ झाला तर ओव्हरसाइज. चूक शर्टाची कधीच नाही! म्हटलं, बाबा रे, साधा रेग्युलर आहे का? त्याने मागच्या रॅकवरून एक काढला. मेंदी रंगाचा, आडव्या पट्ट्यांचा, घेर एवढा की पोरीला घेऊन आत झोपलो असतो. "हे जरा सीनियर लोक घेतात, सर."

माझं डोकं फिरलं ते इथे. या दुकानांच्या लेखी जगात दोनच पुरुष आहेत. एक बावीसचा, ज्याच्या पोटाला पाठ लागलीय, आणि एक साठीचा, ज्याने प्रयत्न सोडलाय. मधली तीस-चाळीस वर्षं माणूस काय नागडा फिरतो का?

आणि कृपा करून मला "जिमला जा" सांगू नका. हे माझ्या आळशीपणाचं प्रकरण नाही, हे छापून आलेलं आहे. आपल्या पुण्यातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीने फोटो दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. वजन-उंचीचा हिशोब तोच, पण आपल्या माणसाचा ऐवज वेगळा, आणि तो साठतो पोटाशी. हातपाय काडी, मधे घागर. त्या बिचाऱ्यांनी हे मधुमेहाच्या अभ्यासासाठी मांडलं, पण मला ते ट्रायल रूमच्या आरशात उमगलं. दुकानातला प्रत्येक शर्ट युडकिनांच्या मापाचा आणि गिऱ्हाइकं सगळी याज्ञिक.

कारण आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या वर्षानुवर्षं ब्रिटिश-अमेरिकी तक्त्यावरून कपडे कापत आल्या. भारतीय माणसाचा म्हणून मापाचा तक्ताच नव्हता. सरकारने निफ्ट या आपल्या फॅशन शिक्षणसंस्थेकडून 'इंडियासाइझ' नावाचं काम हाती घेतलं, १५ ते ६५ वयाच्या २५,००० हून जास्त बायका-पुरुषांची मापं, मुंबईसह सहा शहरांत, थ्रीडी स्कॅनरने. चांगलंच आहे. माझ्याकडे कुणी आलं नाही, आलं असतं तर बनियनवर उभा राहिलो असतो. पण दुकानातल्या त्या पाचव्या बटणापर्यंत यातलं काहीही अजून पोचलेलं नाही.

पँटचं तर निव्वळ खोटं चाललंय. घरी आल्यावर रागाच्या भरात बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि माझ्या तीन पँटींच्या कमरा मोजल्या. तिन्हींवर छापलंय ३४. एक भरली साडेचौतीस, दुसरी ३६, तिसरी चक्क ३७. इंच म्हणजे इंच ना हो? की तेही आता भावनेवर असतं? मला खूश करायला ३७ च्या पँटवर ३४ छापतात, आणि मी खरंच चार वर्षं खूश होतो. "माझी कंबर कॉलेजपासून वाढलेली नाही," असं मित्रांना सांगत फिरलोय मी. काय वाटलं असेल त्यांना.

जीन्सचीही तीच रड. जाड्याभरड्या कापडाला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात ते आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. ज्या मुलखाने जगाला जाड कापडाचा शब्द दिला, तिथे मला एक साधी जाड जीन्स मिळत नाही. सगळ्यात इलॅस्टेन, म्हणजे तो ताणणारा धागा. नवी असताना मांडीला चिकटते, सहा महिन्यांत गुडघ्यावर फुगवटे येतात. उभा राहिलो तरी अर्धवट बसल्यासारखा दिसतो.

आणि शर्टाचा खिसा कुणी चोरला? कॅज्युअल शर्टाला म्हणे खिसा शोभत नाही. माझा चष्मा कुठे जाणार? पेट्रोल पंपावरची सुट्टी नोट? दुकानदारांनो, तुमची पार्किंगची चिठ्ठी? लांबीही हळूहळू कापत आणलीय. आरशासमोर उभं राहिलं की झकास. स्कूटरवर बसलं की मागून शर्ट वर, पँट खाली, आणि मधल्या चार बोटांच्या उघड्या पाठीवर सगळ्या सिग्नलची नजर. पुण्यात निम्मी माणसं दुचाकीवर बसतात, तर शर्ट बसून का बघत नाही कुणी?

टी-शर्ट घालावा तर कोरा मिळत नाही. छातीवर काहीतरी लिहिलेलंच. एकावर इंग्रजीत 'स्वप्नांचा पाठलाग करा' होतं. पाठलाग करायला आधी खिशातला फोन पडायचा थांबू दे.

शेवटी काल संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळातल्या आमच्या जुन्या टेलरकाकांकडे गेलो. बारावीच्या निरोप समारंभाची पँट त्यांनी शिवली होती. कापड घेऊन गेलो होतो, फिकट निळं, साधं सुती. दाढीवाल्याला विचारलं नाही. काकांनी गळ्यातली टेप काढली, चष्म्यावरून एकदा बघितलं आणि न बोलता माप घ्यायला लागले. खांदा, छाती, मुंढा, बाही. पोटाशी आल्यावर मी सवयीने श्वास आत घेतला. काका टेप धरून तसेच थांबले. थांबलेच. मला सोडावा लागला. मग त्यांनी आकडा वहीत लिहिला.

"खिसा एक की दोन?" त्यांनी विचारलं.

खरं सांगतो, गळा भरून आला. म्हटलं, एक. मोठा. चष्मा मावेल असा.

"आत दीड इंच माया सोडतो," काका म्हणाले.

"कशाला? आत्ताच तर माप घेतलंत."

त्यांनी उत्तर दिलं नाही, पावती फाडली. शिलाई साडेसहाशे. तारीख बघितली, २१. म्हटलं, काका, साखरपुडा १६ ला आहे. तर म्हणे कारागीर गावी गेलाय, तुम्ही लोक ऐन वेळेला येता, वर्षभर मॉलमध्ये जाता आणि अडलं की आमची आठवण. यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हा १६ तारखेला मी तो ४० नंबरचा पाचव्या बटणाशी डोळा उघडणारा शर्ट घालून येणार आहे. हो, घेतला होता शेवटी, पोरगी दुकानात रडायला लागली होती. जेवणाआधी फोटो काढा. जेवणानंतर मी उभा राहणार नाही.