पाणी साफ करायलाच परवानगी मिळेना

डोकं फिरलंय आज, कुठेतरी ओकायचं म्हणून इथे लिहितोय.

आमचं हार्ड क्रोम प्लेटिंगचं, म्हणजे लोखंडी पार्टवर क्रोमियमचा जाड थर चढवायचं, छोटं युनिट आहे एमआयडीसीत. पार्ट धुवायच्या रिन्स टँकमधून निघणारं पाणी पिवळंधमक असतं, त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, कॅन्सर करणारं. आत्ताच्या ईटीपीत (सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये) ॲसिड सोडून पीएच अडीचच्या आसपास आणायचा, मग मेटाबायसल्फाइट टाकायचं, काडेपेटी ओढल्यासारखा वास नाकात जातो आणि पिवळं पाणी हळूहळू हिरवट होतं, मग चुना मारून गाळ बसवायचा. बाहेर सोडायच्या पाण्यात या क्रोमियमचं लिमिट आहे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. आम्ही बसतो त्यात, पण काम वाढलं की ऑपरेटरची फाटते. म्हणून मालकांनी कर्ज काढून पाणी गाळणारा आरओ आणि उरलेलं पाणी आटवणारा इव्हॅपोरेटर घेतला, साफ झालेलं पाणी परत प्लेटिंगच्या लाइनीवर, बाहेर थेंब नाही.

आणि तिथून फाइलचं चक्कर सुरू.

१९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २५ आहे, नवा कारखाना सोडाच, ट्रीटमेंटची सिस्टीम बसवायची किंवा आहे त्यात भर घालायची तरी आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्या. मान्य. ईटीपीच्या नावाखाली बायपास पाइप टाकणारे महाभाग आहेतच, रात्री पाऊस लागला की नाल्याचा रंग बघा. पण घाण वाढवायला आलेला आणि कमी करायला आलेला एकाच रांगेत, एकाच वेगाने?

त्याच कलमात लिहिलंय की मंडळाने चार महिन्यांत हो-नाही काहीच कळवलं नाही तर संमती मिळाली असं धरायचं. वाचून किती बरं वाटतं ना! पण अर्ज 'सर्व बाबतींत पूर्ण' पाहिजे, आणि तो पूर्ण आहे की नाही हे ठरवणार कोण, तर तेच मंडळवाले. त्यामुळे मुदत भरत आली की पोर्टलवर क्वेरी हजर. पहिली क्वेरी, ड्रॉइंगमध्ये 'टी ४' आणि फॉर्ममध्ये 'टँक ४', खुलासा करा. खुलासा केला. मग म्हणे वॉटर बॅलन्समध्ये, म्हणजे पाणी किती आलं-किती गेलं या हिशोबात, बाहेर सोडायचं पाणी शून्य कसं? अहो साहेब शून्य करायलाच तर एवढं मशीन घेतलंय! मग इव्हॅपोरेटरमधून निघणाऱ्या मिठाचं काय करणार, हा मात्र शहाण्या माणसाचा प्रश्न, ते धोकादायक कचऱ्यात जातं, असा कचरा पुरणाऱ्या लँडफिलवाल्यांची मेंबरशिप लागते, ती आहे आणि तिचं सर्टिफिकेट अर्जाला पहिल्या दिवसापासून जोडलेलं आहे. उघडून बघायचे कष्ट कोण घेणार. फोन केला की साहेब व्हिजिटला, व्हिजिटवरून आले की मीटिंगला.

इकडे मशीन शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून, वॉरंटी चाललीय, बँकेचा हप्ता दर महिन्याला बरोबर कापला जातोय, आणि ऑपरेटर केमिकल सोडणारा तोच जुना डोसिंग पंप ठोकून ठोकून चालवतोय.

आज परत क्वेरी. भांडवली गुंतवणुकीवर फी ठरते म्हणून सीएचं सर्टिफिकेट लावलं होतं, ते म्हणे मागच्या आर्थिक वर्षाचं आहे, नवीन द्या. अरे, अर्ज केला तेव्हा तेच वर्ष चालू होतं! ३१ मार्च तुमच्या टेबलावर उलटला, माझ्या नाही. आता सीएची फी वेगळी, गुंतवणुकीचा आकडा वाढला म्हणून संमतीच्या फीतला फरक वेगळा, आणि तो भरला की अर्जाची तारीख नवी धरणार की जुनी, हे विचारलं तर उत्तर काय मिळालं, 'पोर्टलवर टाका.'