अंदाजाबरोबर त्याची पतही सांगा

दरवर्षी एप्रिलच्या मध्याच्या सुमारास भारतीय हवामान विभाग नैऋत्य मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर करतो आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत गोव्यातल्या डिचोली तालुक्यातून माझ्या थोरल्या भावाचा फोन येतो. मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडील विमेरा या गव्हाच्या पट्ट्यात चौदा वर्षे राहतो आणि धान्य साठवणुकीच्या व्यवसायात हिशेबाचे काम करतो. दादा आमच्या नदीकाठच्या शेतात अजूनही सरदाचे, म्हणजे पावसाळी हंगामाचे, भात लावतो. अंदाज ऐकल्यावर तो दर वेळी एकच विचारतो : "देशाला किती टक्के ते कळले, पण मी तरवा कधी टाकू?" तरवा म्हणजे लावणीसाठी आधी वाढवलेली भाताची रोपे. गोव्यात हवामानाच्या अंदाजावर जी चर्चा चालते, तिच्यात नेमका हाच प्रश्न मला सापडत नाही.

त्या चर्चेत एक बाजू म्हणते की खात्याचे आकडे खोटे ठरतात, त्यापेक्षा मिरग (मृग नक्षत्र) आणि पंचांग बरे. दुसरी म्हणते की आता महासंगणक आले, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तेव्हा चुकण्याचे दिवस संपले. दोघेही अंदाजाकडे भविष्यकथन म्हणून पाहतात आणि हंगाम संपला की ते खरे ठरले की खोटे एवढाच निवाडा करतात. मला मात्र वाटते की अंदाज हा धोक्याचा हिशेब आहे, आणि कोणत्याही हिशेबाप्रमाणे तो कोणत्या व्यवहारासाठी मांडला आहे हे ठाऊक असल्याशिवाय तो चूक की बरोबर हे ठरवता येत नाही.

या हिशेबाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली आणि १८८६ पासून असे अंदाज नियमितपणे दिले जाऊ लागले. पुढे याच विभागाचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी भारतातल्या पावसाचा धागा शोधता शोधता प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका (एका टोकाला दाब वाढला की दुसऱ्या टोकाला उतरतो) ओळखला; आज एल निनोबद्दल, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून भारतात आणि ऑस्ट्रेलियात बहुधा पाऊस घटवणाऱ्या स्थितीबद्दल, आपण जे बोलतो त्याचे एक मूळ या शोधात आहे. १९८८ मध्ये शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे सूत्र आले आणि त्याने लोकांचा विश्वास कमावला. २००२ मध्ये तो विश्वास तुटला, कारण अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता आणि पाऊस पडला ८१ टक्के. त्यानंतर पद्धती बदलल्या, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासागर आणि वातावरण एकत्र धरणाऱ्या प्रतिमानांवर (संगणकावरच्या मॉडेलांवर) काम वाढले, आणि अलीकडची वर्षे पाहिली तर आकडे बरेच जवळ आलेले दिसतात : २०२३ मध्ये अंदाज ९६ टक्के आणि पाऊस ९४, २०२४ मध्ये अंदाज १०६ आणि पाऊस १०८.

पण २०२३ कडेच जरा नीट पाहावे. ९६ सांगितले आणि ९४ पडले, म्हणजे कागदावर अंदाज उत्तम उतरला. तरी त्याच हंगामातला ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. चार महिन्यांची आणि संपूर्ण देशाची बेरीज जुळली म्हणून एखाद्या शेताला तिचा उपयोग झाला असे होत नाही. गोव्यात तर ही बेरीज आणखीच दूरची आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीनशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात दहा टक्के कमी झाला तरी भाताला पाणी पुरते. आपले नुकसान होते ते वेळ चुकल्यामुळे : तरवा टाकल्यावर पावसाने पाठ फिरवली तर, काजू आणि मानकुराद आंबा मोहरावर असताना सर आली तर, आणि सर्वांत जास्त म्हणजे कापणीच्या दिवसांत पाऊस लांबला तर.

ऑक्टोबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात, अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले होते तेव्हा, दादाने मला व्हिडिओ कॉलवर शेत दाखवले होते. जया जातीचे भात पूर्ण तयार होऊन आडवे पडले होते आणि गुडघाभर पाण्यात होते. त्याने पाण्यात हात घालून एक लोंबी वर काढली आणि कॅमेऱ्याजवळ धरली. दाण्यादाण्यातून पांढरे कोंब बाहेर आले होते. काही न बोलता त्याने ती लोंबी बांधावर ठेवली. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती, पण ती घाटावरच्या रब्बीच्या शेतकऱ्याची आहे. त्या वर्षी स्वाती नक्षत्र लागता लागता पडलेल्या पावसाने आमचे वर्षाचे धान्य नेले. जी म्हण सोलापूरला खरी ती डिचोलीत खोटी ठरते, तर देशभराचा एक आकडा प्रत्येक शेताला कसा पुरेल?

त्याच २०१९ मध्ये मी इथे उलटी बाजू पाहत होतो. हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि पूर्व भाग थंड, अशी महासागराची स्थिती त्या वर्षी फार तीव्र होती. तिच्यामुळे अरबी समुद्राच्या बाजूला बाष्पाची आणि वादळांची रेलचेल झाली, तर ऑस्ट्रेलियाने नोंदींमधले सर्वांत उष्ण आणि सर्वांत कोरडे वर्ष भोगले. दादाचे भात कुजत होते तेव्हा माझ्या शेजाऱ्याच्या मेंढ्यांना विकतचा चारा चालला होता. एकाच समुद्राने दोन्ही घरांवर दोन तऱ्हेची वेळ आणली, हे मला अजून विसरता येत नाही.

या शेजाऱ्याकडून मी जे शिकलो ते मला घरी सांगावेसे वाटते. विमेरात वर्षाचा पाऊस पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे इथे प्रत्येक सर मोजून वापरावी लागते. ऑस्ट्रेलियाचे हवामान खाते "इतके टक्के पाऊस पडेल" असे सांगत नाही. पाऊस मध्यकाहून (निम्म्या वर्षांत ज्याहून जास्त आणि निम्म्या वर्षांत ज्याहून कमी पडतो त्या आकड्याहून) जास्त पडण्याची शक्यता किती, हे नकाशावर दाखवते. त्याच ठिकाणी दुसरा नकाशा असतो : या भागात, वर्षाच्या या काळात आमचे अंदाज पूर्वी कितपत बरोबर आले. शेजारी आधी हा दुसरा नकाशा उघडतो. पेरणीच्या वेळी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, तो अंदाजावर फारसे विसंबत नाही, कारण मार्च ते मे या काळात प्रशांत महासागराची पुढची चाल ओळखणे सर्वांत कठीण असते. जुलै-ऑगस्टमध्ये गहू वाढीला लागल्यावर युरिया किती द्यायचा हे ठरवताना मात्र तो अंदाज मनावर घेतो, कारण तेव्हा त्याची पत वाढलेली असते. शक्यता कमी असेल तर निम्माच युरिया टाकतो, म्हणजे पाऊस आला नाही तरी सगळा पैसा मातीत जात नाही.

आपला पहिला अंदाजही एप्रिलमध्ये, याच अवघड काळात येतो. शास्त्रज्ञांना हे पक्के ठाऊक असते. दादाला ते कोणी सांगितलेले नाही.

परदेशात सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये इथल्या खात्याने एल निनो जाहीर केला, कोरड्या उन्हाळ्याच्या भीतीने अनेकांनी जनावरे पडत्या भावात विकली आणि नोव्हेंबरपासून पूर्वेकडे भरपूर पाऊस झाला. खात्यावर कडक टीका झाली. शक्यता ऐंशी टक्के सांगितली तरी माणूस ती शंभर म्हणून ऐकतो, ही अडचण इथेही आहे. आणि सरकारेही तशीच ऐकतात. त्याच वर्षी जुलैमध्ये एल निनोचे सावट आणि चढे भाव पाहून भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, आणि आमच्याकडच्या भारतीय दुकानांत माणशी एकच पोते देऊ लागले. त्या हंगामाअखेर भारतात तांदळाचे उत्पादन विक्रमी, सुमारे १३.८ कोटी टन झाले. बंदी संपूर्ण उठली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. सावधगिरीला माझा विरोध नाही, पण अंदाज सुधारत जातो तसा निर्णयही सुधारायला हवा, आणि त्याचा भार भात विकणाऱ्यावर किती पडला हे कोणीतरी मांडायला हवे.

गोव्यासाठी मला उपयोगाचा वाटतो तो हंगामाचा एकत्रित आकडा नव्हे, तर दोन ते चार आठवड्यांचा अंदाज. हवामान विभाग तो दर गुरुवारी देतो. २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने तेरा राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना पाऊस केव्हा लागेल याचा अंदाज मोबाईलवर पाठवला, आणि लवकर आलेला पाऊस मध्येच थबकेल हे त्यात आधी आले होते. म्हणजे शास्त्र पोहोचले आहे. आमच्या राज्यात पीक गेल्यावर सरकारच्या शेतकरी आधार निधीतून भरपाई मिळते, तिची गरज राहीलच. पण कापणीच्या तीन आठवडे आधी मिळालेली सूचना त्या भरपाईहून मोलाची आहे, कारण तेवढ्या वेळात कापणीचे यंत्र आधी ठरवता येते आणि ताडपत्री आणता येते.

म्हणून मागणी साधी आहे. विभागीय कृषी कार्यालयाच्या फलकावर दर शुक्रवारी तालुक्यासाठी पुढच्या तीन आठवड्यांचा अंदाज मराठीत आणि कोकणीत लागावा, आणि त्याच्याच खाली गेल्या पाच वर्षांत याच आठवड्यांचा अंदाज किती वेळा बरोबर आला ते लिहावे. दादाला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, पाचपैकी तीन वेळा बरोबर आला असे लिहिलेले असले तरी चालेल, मग मी निम्म्या शेतात लवकर येणारी ज्योती लावीन आणि निम्म्यात जया.